मातीला एकच आकडा देऊ नका : इमारतींचे ऊर्जा-नियम लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
इमारतींच्या ऊर्जा-नियमावल्या आणि बांधकाम-साहित्याची मानकं तयार करणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

तुमच्या कोष्टकांत मातीच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते, तीही आली तर. डावीकडे 'माती' किंवा 'कच्ची वीट', उजवीकडे उष्णतावाहकतेचा (म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते त्याचा) एक आकडा, आणि लगेच खाली भाजलेली वीट, काँक्रीट, काच. त्या एका आकड्यावर वास्तुविशारद हिशेब मांडतो, परवानगी देणारा अधिकारी तो तपासतो, आणि भिंत एक तर नापास होते, नाही तर भलत्याच कारणानं पास होते. हे पत्र त्या आकड्याबद्दल आहे.

मी मातीचे नमुने मोजणारा अभियंता आहे. काड, तूस, भुसा, शेण, चुना असं काही मिसळलेल्या विटा आणि गिलावे वाळवायचे, तोलायचे आणि त्यांच्यातून उष्णता किती सहज जाते ते बघायचं, हे माझं काम. माझी मागणी मोठी नाही. मातीच्या कुठल्याही मिश्रणाची उष्णतावाहकता लिहाल तेव्हा तिच्या शेजारी घनता लिहा आणि ओलावा लिहा. हे दोन्ही नसतील तर तो आकडा कुणाकडून घेऊ नका आणि कुणाला देऊही नका.

एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. म्हणून आधी आकडेच बघू.

साच्यात भरून धुम्मसानं ठोकलेली माती घ्या. कोरडी घनता घनमीटरला २००० किलोच्या आसपास. तिची वाहकता साधारण १.१ वॅट प्रति मीटर-केल्विन (आकडा जितका लहान, तितकी भिंत उष्णता जास्त अडवते). थोडं काड घालून साच्यात थापलेल्या कच्च्या विटेची घनता १६०० असेल, तर ०.७३. काड वाढवून घनता १२०० वर आणली की ०.४७, ८०० वर आणली की ०.२५. आणि पातळ गाऱ्यात भिजवलेलं काड हलकेच दाबून केलेली भिंत, जिची घनता ६०० किलो आहे, तिचा आकडा ०.१७. जर्मनीत मातीच्या साहित्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोष्टकांतले हे आकडे आहेत आणि तिथे ते घनतेनुसारच मांडलेले असतात. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात सहापटीहून जास्त फरक आहे. पाचही वेळा खाणीतून आलेली माती एकच असू शकते. मग सांगा, तुमच्या ओळीत 'माती' म्हणून जो आकडा छापलाय तो यांतला कोणता?

हा फरक कुठून येतो, ते सांगायला फारसं गणित लागत नाही. स्थिर हवेची वाहकता ०.०२६. पाण्याची ०.६. वाळूतल्या क्वार्ट्‌झची ७ च्या आसपास. मातीची भिंत म्हणजे या तिघांची खिचडी, चिकणमातीनं एकत्र धरलेली. वाळूचे कण एकमेकांना जितके घट्ट टेकलेले, तितकी उष्णतेला सरळ वाट. त्यांच्या मध्ये हवा घातली की ती वाट मोडते. नैसर्गिक भर घालून आपण उष्णतेच्या बाबतीत मुख्यतः एवढंच करतो : भिंतीत हवा नेऊन बसवतो. गव्हाचं काड ही पेऱ्यांपाशी बंद असलेली नळी आहे, म्हणून ते या कामाला फार चांगलं. लाकडाचा भुसा बारीक असतो, त्याच्या पोकळ्या लहान असतात आणि मळताना तो पाणी भरपूर पितो. भाताचं तूस होडीसारखं वळलेलं असतं, पण जोरात दाबलं की त्या होड्या एकात एक बसतात आणि हवेची जागा जाते. म्हणजे एकच तूस, एकच प्रमाण, आणि केवळ दाब वेगळा असला तरी वीट वेगळी निघते. घनता मात्र हे सगळं पकडते. कुणी काय घातलं, किती मळलं, किती ठोकलं, याची बरीचशी बातमी त्या एका तोलात येते. आणि ती मोजायला तराजू आणि पट्टी पुरते.

'काड घातलेली माती' या शब्दांनी किती गोंधळ घातलाय, ते मी जवळून पाहिलंय. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू खपतात. पहिलीत शंभर किलो मातीमागे एक-दोन किलो काड असतं. ते उष्णतेसाठी घातलेलंच नसतं. चिकणमाती वाळताना आक्रसते, तडे जातात. काड ते तडे एका जागी मोठे न होऊ देता बारीक करून सगळीकडे वाटतं. काम झालं. या काडानं घनता थोडी उतरते, वाहकताही थोडी उतरते, पण भिंत उष्णतारोधक होत नाही. दुसऱ्या वस्तूत काड हाच मुख्य माल असतो आणि चिकणमातीचा पातळ गारा त्याला फक्त डिंकासारखा धरून ठेवतो. ती खरोखर रोधक असते, पण भार पेलत नाही. तिला लाकडाचा किंवा दुसरा सांगाडा लागतो. माहितीपत्रकात मात्र पहिल्या वस्तूचं छायाचित्र आणि दुसऱ्या वस्तूचा आकडा असं मी एकदा नव्हे, अनेकदा वाचलंय. विकणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. तुमच्या वर्गीकरणात या दोहोंना वेगळी नावं नाहीत, ही मूळ अडचण आहे.

आता जरा आमच्याच लोकांबद्दल. मातीच्या घरांचा पुरस्कार करणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हे बोलायचा हक्क मला आहे असं धरतो.

'मातीचं घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार' हे वाक्य आम्ही इतक्यांदा म्हटलंय की आता ते कुणी तपासत नाही. ३० सेंटिमीटर जाडीची ठोकलेली मातीची भिंत घ्या. दोन्ही पृष्ठभागांचा नेहमीचा विरोध (आत ०.१३, बाहेर ०.०४) धरून तिचं यू-मूल्य, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला भिंतीच्या चौरस मीटरमधून वाहणारी उष्णता, २.२ वॅटच्या वर जातं. कडाक्याच्या थंडीत, जिथे दिवसरात्र बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा खूप खाली असतं, तिथे ही भिंत उष्णता सतत बाहेर सोडत राहते. नियमात यू-मूल्य ०.३ हवं असेल, तर नुसत्या ठोकलेल्या मातीची भिंत जवळपास साडेतीन मीटर जाड करावी लागेल. घर नव्हे, तटबंदी झाली ती. तेच ६०० किलो घनतेच्या काड-मातीनं ५४ सेंटिमीटरमध्ये साधतं. थंड प्रदेशातला समिती-सदस्य आमच्या घोषणेवर हसला, तर तो चुकत नाही.

कैरोच्या प्रयोगाचं उदाहरण तर आमच्या प्रत्येक व्याख्यानात असतं. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फाथी यांच्या पुढाकारानं १९६० च्या दशकात तिथे प्रायोगिक खोल्या बांधून मोजमाप झालं. कच्च्या विटांच्या भिंती आणि कच्च्या विटांचंच घुमटी छत असलेल्या खोलीत हवेचं तापमान दिवसभरात २१ ते २३ अंशांच्या मध्ये राहिलं. तयार काँक्रीटच्या फळ्यांच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढलं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही वर. टाळ्या पडतात. पण मातीची भिंत ५० सेंटिमीटर जाड होती आणि काँक्रीटची फळी १० सेंटिमीटर, हे सांगायला आम्ही सहसा विसरतो. त्या प्रयोगानं काही सिद्ध केलं नाही असं मी म्हणत नाही. जसं बांधतात तशा दोन घरांची ती तुलना होती आणि त्या अर्थानं रास्त होती. पण ते श्रेय मातीचं किती, जाडीचं किती आणि छताच्या आकाराचं किती, हे त्यावरून वेगळं काढता येत नाही. आम्ही ते सगळं मातीच्या खात्यावर जमा केलं.

त्या प्रयोगात यू-मूल्याच्या पलीकडची एक गोष्ट मात्र दिसते, आणि ती तुमच्या नियमांत बहुतेक ठिकाणी नाही. यू-मूल्य सांगतं की आत-बाहेर तापमान स्थिर असेल तर किती उष्णता वाहील. ऊन मात्र स्थिर नसतं. दुपारी भिंतीच्या बाहेरच्या अंगावर उष्णतेची एक लाट येते, ती आत शिरते, शिरताना खुजी होत जाते आणि उशिरा पोचते. किती खुजी आणि किती उशिरा, हे वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्माधारकता (एक किलो माल एक अंश तापवायला लागणारी उष्णता) या तिन्हींवर ठरतं. ठोकलेल्या मातीत चोवीस तासांची लाट दर १२ सेंटिमीटरला साधारण ३७ टक्क्यांवर येते. भिंत खूप जाड आहे असं धरून ढोबळ हिशेब केला, तर ३० सेंटिमीटर ओलांडायला तिला नऊ तासांच्या वर लागतात. दुपारी दोनची उष्णता आतल्या अंगावर रात्री अकराला. तोवर बाहेरची हवा निवलेली असेल आणि खिडक्या उघडता येत असतील, तर ती उष्णता कुणाला जाणवतही नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती पहिल्यांदा हिशेबात दिसली तेव्हा मी आकडेमोड दोनदा तपासली होती. आमच्यातले बरेच जण समजतात की जड भिंत उष्णतेला उशीर करते आणि हलकी भिंत फक्त अडवते. काड-मातीच्या ८०० किलो घनतेच्या मिश्रणाचा हिशेब करा. वाहकता चौपटीहून जास्त उतरली, पण घनतेबरोबर उष्णता साठवायची क्षमताही अडीच पटीच्या आतबाहेर उतरली. दोघींचं गुणोत्तर काढलं की लाटेचा वेग उलट कमीच झालेला दिसतो : ती ९ सेंटिमीटरमध्येच ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे तेवढ्याच जाडीत हलकी भिंत लाटेला जास्त उशीर करते आणि जास्त दाबते.

मग जड मातीचं काय राहिलं? राहिलं ते भिंतीच्या आतल्या अंगाचं काम. खोलीत माणसं असतात, चूल असते, दिवे असतात, खिडकीतून ऊन येतं. ही आत तयार झालेली उष्णता आतल्या अंगानं पटकन शोषून घ्यायची असेल, तर वाहकता आणि साठवण दोन्ही जास्त हव्यात. इथे ठोकलेली माती ८०० किलोच्या मिश्रणाला तिपटीनं मागे टाकते. काड-मातीच्या भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते आणि ठोकलेल्या मातीची गार लागते, त्याचं कारण हेच. तेव्हा बाहेरच्या बाजूला हलकी काड-माती आणि आतल्या बाजूला जड माती, अशी एकाच मातीची दोन थरांची भिंत पुष्कळ हवामानांत शहाणपणाची ठरते. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये आणि फ्रान्सच्या नॉर्मंडीत 'कॉबबोज' नावाच्या संयुक्त प्रकल्पानं हलका आणि जड असे दोन थर जोडूनच भिंत उभारली, कारण नुसती परंपरागत मातीची भिंत तिथल्या आजच्या ऊर्जा-नियमांत बसत नव्हती. या प्रकल्पात मला आवडलेली गोष्ट ही की त्यांनी नियमांकडे सवलत मागितली नाही. भिंत बदलली.

जिथे रात्रही दिवसाइतकीच उकडते आणि हवा दमट असते, तिथे जड भिंतीचा फायदा फार उरत नाही. दिवसभर साठवलेली उष्णता ती झोपेच्या वेळी परत देते. अशा ठिकाणी सावली, वारा आणि हलकं छत यांना पहिला मान. हेही आम्ही आमच्या माहितीपत्रकांत लिहायला हवं.

लाटेचा हा सगळा हिशेब करायची पद्धत आयएसओ १३७८६ या मानकात दिलेली आहे. ती नवी नाही आणि अवघडही नाही. तरी पुष्कळ नियमावल्या भिंतीला फक्त यू-मूल्य विचारतात. जिथे दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक आहे तिथल्या समित्यांनी तरी त्याबरोबर लाटेचा उशीर आणि घट विचारावी. नाही तर आज होतं काय, की बारा सेंटिमीटरची पोकळ, हलकी, कृत्रिम फेस भरलेली भिंत कागदावर उत्तम ठरते आणि ५० सेंटिमीटरची मातीची भिंत नापास. मग राहणाऱ्या माणसाला दुपारी काय वाटतं ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता ओलावा. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे आहे, आणि त्यातला काही मी स्वतः घातलाय.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा एका खेपेचे नमुने घाईनं मोजले. वरून ते खडखडीत वाळलेले दिसत होते. आकडे अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले आणि मी अहवालात लिहून टाकलं की या भुश्याचा काही उपयोग नाही, माती साधीच बरी. काही आठवड्यांनी तेच नमुने कपाट आवरताना हाती लागले. उचलले तर हलके लागले. पुन्हा तोलले, पुन्हा मोजले, आणि मग वरिष्ठांकडे जाऊन अहवाल मागे घ्यावा लागला. आत पाणी होतं. भुसा दोष नसताना बदनाम झाला होता. पाणी हवेपेक्षा तेवीस पट जास्त उष्णता वाहतं. ज्या पोकळ्या हवेनं भराव्यात म्हणून आपण भुसा घातला, त्याच पाण्यानं भरल्या तर आकडा खाली येणार कसा? तेव्हापासून लागोपाठच्या तोलांत वजन स्थिर झाल्याशिवाय मी नमुना यंत्राला लावत नाही.

पण पूर्ण भट्टीत वाळवलेला आकडा हाही खरा नव्हे. उभ्या भिंतीत माती कधीच पूर्ण कोरडी नसते. ती हवेतली ओल घेते आणि सोडते. जड माती स्वतःच्या वजनाच्या एक-दोन टक्के, कधी थोडी जास्त ओल धरून असते. दमट हवेत काड मात्र स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त धरू शकतं. म्हणजे भर जितकी जास्त, तितका कोरड्या आणि प्रत्यक्ष आकड्यातला फरक मोठा. म्हणून मी आकड्यासोबत ओलावा मागतो. नमुना किती सापेक्ष आर्द्रतेला स्थिरावू दिला होता, हे लिहिलेलं नसलं तर दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. संशोधन-निबंधांतसुद्धा ही ओळ अनेकदा गायब असते.

ओलाव्याचं आणखी एक सोंग आहे. नव्या घराचं पहिलं वर्ष. ठोकताना मातीत साधारण आठ टक्के पाणी असतं असं धरा, आणि वाळून ते दोन टक्क्यांवर येतं. ३० सेंटिमीटरच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून ३६ किलो पाणी उडून जातं. किलोमागे सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता घेऊन. हिशेब केला तर चौरस मीटरला २४ किलोवॅट-तास भरतात. पहिल्या उन्हाळ्यात घर विलक्षण गार वाटतं, मालक खूश होतो, कुणी तरी तापमापक लावून त्याचा लेख करतो. ती गारवा देणारी माती नव्हती, माठ होता. दुसऱ्या उन्हाळ्यात माठ रिकामा. अशा पहिल्या वर्षाच्या मोजमापांवर तुम्ही काही नियम बेतणार असाल, तर थांबा. आणि उलट बाजूनं, थंडीत बांधलेल्या घरात पहिल्या हिवाळ्यात उष्णतेचा खर्च जास्त आला म्हणून मातीला नापास करू नका. तेच पाणी तिथेही आहे.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. सुईसारखी शलाका खुपसून मिनिटांत आकडा देणारी उपकरणं मातीसाठी मोहक आहेत, पण काड असलेल्या नमुन्यात सुईला एखादी पोकळ नळी भेटली की आकडा वेगळा, खडा भेटला की वेगळा. वाळताना माती सुईपासून सुटली तर मध्ये हवेची फट राहते आणि आकडा उगीचच चांगला येतो. शिवाय काड ठोकताना आडवं पडतं, ठोकण्याच्या दिशेला काटकोनात. त्यामुळे उष्णता कोणत्या दिशेनं जातेय यावर आकडा बदलतो, आणि भिंतीतून ती नेमकी काडाच्या पडण्याच्या दिशेनं, म्हणजे सोप्या वाटेनं जाते. नमुना वरून खाली मोजला, तर भिंतीपेक्षा भलं उत्तर मिळेल. तेव्हा भरपूर भर असलेल्या मिश्रणांना मोठी फरशी करून तापत्या पाट्यांमध्ये मोजण्याची पद्धतच बंधनकारक करा, दिशा लिहायला लावा, आणि सुईचा उपयोग फक्त रोजच्या तपासणीपुरता ठेवा.

सगळ्या भरी हवा आणण्यासाठी नसतात, हेही नियमांत कुठे तरी यायला हवं. शेणातले बारीक तंतू गिलाव्याचे तडे आवरतात आणि शेण मिसळलेला गिलावा पाण्याला जास्त टिकतो. वाहकतेवर त्याचा परिणाम किरकोळ असतो. चुना चिकणमातीशी हळूहळू रासायनिक क्रिया करून तिला घट्ट करतो. तेल किंवा केसीन (दुधातलं प्रथिन) वरच्या थराला पाण्यापासून वाचवतं, पण बेतानं वापरलं नाही तर वाफेची ये-जा अडते. या मंडळींचं काम उष्णता रोखण्याचं नसून भिंत टिकवण्याचं आहे. तरीही त्यांचा उष्णतेशी लांबचा संबंध आहे : गिलाव्याला तडे गेले, चौकटीपाशी फट पडली, की वारा सरळ आत येतो, आणि मग भिंतीची वाहकता दोन दशांशांपर्यंत मोजून काय उपयोग?

ओल घेणं-सोडणं हा मातीचा गुणही तुमच्या ऊर्जा-कोष्टकात नाही. जर्मनीच्या डीआयएन १८९४७ या मातीच्या गिलाव्याच्या मानकात आहे : सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेऊन बारा तासांत गिलावा किती ओल शोषतो ते मोजायचं आणि त्यावरून वर्ग ठरवायचा. दमट खोली त्याच तापमानाला जास्त उकडते, हे कुणाला समजावून सांगायला नको. तर मग हा गुण मोजता येत असताना तो न मोजणं हा आळस आहे.

आणि इथे माझी एक जुनी तक्रार. कित्येक ठिकाणी परवानगी हवी असेल तर मातीत पाच ते दहा टक्के सिमेंट घाला, असा आग्रह धरला जातो. पुराचं पाणी लागणाऱ्या पायथ्याला किंवा उघड्या पडणाऱ्या भिंतीला ते समजू शकतो. पण आतल्या, कोरड्या, गिलावा असलेल्या भिंतीला कशासाठी? सिमेंटनं चिकणमातीचे कण बांधले जातात आणि ओल घेण्या-सोडण्याची क्षमता घटते. दाबून केलेल्या अशा विटा घन असतात, म्हणजे वाहकता वरच्याच बाजूला. पाडल्यावर ती माती पाण्यात भिजवून पुन्हा मळताही येत नाही. मजबुतीसाठी मागितलेल्या एका अटीनं इतकं सगळं बदलतं आणि उष्णतेच्या कोष्टकाला त्याची गंधवार्ताही नसते. एका समितीनं घातलेली अट दुसऱ्या समितीचा आकडा खोटा ठरवते. निदान एकमेकांचे मसुदे वाचत जा, ही विनंती मी हात जोडून करतो.

मी मागतोय ते अशक्य नाही. जर्मनीत १९५१ साली मातीच्या बांधकामाचं मानक होतं, डीआयएन १८९५१. ते १९७१ मध्ये मागे घेतलं गेलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या जागी काही नव्हतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी माती-बांधकामाचे नियम पुन्हा लिहिले गेले आणि २०१३ मध्ये विटा, गारा आणि गिलावा यांची स्वतंत्र मानकं आली, ज्यांत विटांचे घनतेनुसार वर्ग आहेत. न्यूझीलंडनं मातीच्या इमारतींची तीन मानकं १९९८ मध्ये काढली आणि २०२० मध्ये सुधारली. अमेरिकेच्या निवासी इमारत संहितेत २०१५ पासून हलक्या काड-मातीसाठी वेगळं परिशिष्ट आहे. म्हणजे काड-माती ही ठोकलेल्या मातीपेक्षा वेगळी वस्तू आहे, हे मान्य करायला कुणाचीच हरकत दिसत नाही. तिला वेगळी ओळ द्यायला मात्र हात आखडतो.

तुमचीही अडचण मला कळते. माती कारखान्यात तयार होत नाही; प्रत्येक खाणीत वेगळी, प्रत्येक हंगामाचं काड वेगळं. कोष्टकात पन्नास ओळी घालणं परवडत नाही, आणि छोट्या बांधणाऱ्याला प्रत्येक भिंतीसाठी प्रयोगशाळेत पाठवणंही परवडत नाही. म्हणूनच घनता. बांधणाऱ्यानं जागेवर तीन विटा वाळवून तोलाव्यात, घनतेचा वर्ग ठरवावा आणि त्या वर्गाचा सावध बाजूचा आकडा वापरावा. ज्याला त्याहून चांगला आकडा हवा असेल त्यानं फरशी मोजून आणावी. २०० किलोच्या टप्प्यांनी केलं तर ६०० ते २००० पर्यंत आठ ओळींत काम भागतं. भरीचं नाव कुठलंही असो, काड, तूस, भुसा, काथ्या, ताग, लोकर. आठ ओळींत सगळं बसतं, कारण उष्णतेला नावाशी फारसं देणंघेणं नसतं.

पुढच्या मसुद्यात मातीची ओळ आली की आकड्याच्या शेजारी दोन रकाने रिकामे सोडा : 'कोरडी घनता' आणि 'मोजताना ओलावा'. ते भरून आणायचं काम आमचं. ज्या नमुन्यांची मी मोजणी केली आहे त्यांच्या नोंदी, चुकलेल्या आणि मागे घेतलेल्या धरून, तुमच्यापैकी जी समिती मागेल तिला द्यायला मी तयार आहे.

कळावे,

आपला,
मातीचे नमुने मोजणारा एक अभियंता